काल्पनिक जेटच्या जोडावर रेघ परत येते: पुट्टी भरण्याआधी काय तपासायचं

प्लास्टिकच्या मॉडेल विमानांची दोन-तीन किटं एकत्र करून मनातलं जेट बनवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. जोड भरला, घासला, प्रायमर मारला, रंग दिला, नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. पाऊस लागला आणि तीच रेघ तिथेच परत. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा वॉटर पेपर, पुन्हा रंग, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा रेघ. रत्नागिरी ते वेंगुर्ला या पट्ट्यातली अशी बरीच विमानं माझ्या टेबलावर येऊन गेली. त्यातल्या बहुतेकांत पुट्टीचा काही गुन्हा नव्हता. जोड आतून हलत होता, किंवा आतलं काहीतरी त्याला ढकलत होतं. अशा जोडावर कितीही भारी पुट्टी भरा, ती फाटणारच.

म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, मग दहा-वीस रुपयांच्या, आणि करवत सगळ्यात शेवटी.

लक्षणं

सगळ्या रेघा सारख्या नसतात. तुमची यातली कुठली आहे ते आधी ठरवा.

- रंगाला चीर पडली आहे, नख अडकतं, दोन्ही कडा एका पातळीत नाहीत.
- नख अडकत नाही, पण तिरप्या उजेडात जोडावर खोलगट पट्टा दिसतो.
- उलट, जोडावर बारीक कणा वर आलेला दिसतो.
- मास्किंग टेप काढताना रंग नेमका जोडावरून पापुद्र्यासारखा निघतो.
- पंखाच्या मुळाशी फक्त वरच्या बाजूला रेघ आहे, खालून जोड शाबूत.
- नाकाच्या खाली, पुढच्या चाकाच्या खाचेजवळ जोड उघडलाय आणि फटीत पांढरी भुकटी आहे.
- जोडाच्या आजूबाजूला प्लास्टिकलाच बारीक तड्यांचं जाळं पडलंय.

शेवटची दोन लक्षणं दिसत असतील तर बाकीचं नंतर वाचा. भुकटीसाठी थेट नाकातल्या वजनाच्या भागावर जा, आणि तड्यांच्या जाळ्यासाठी शेवटच्या भागावर.

टॉर्च आडवा धरा

खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च धडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि विमान हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात खड्डा आणि कणा सारखेच दिसतात. आडव्या उजेडात सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून फरक कळतो.

खोलगट पट्टा असेल तर काहीतरी आकसलंय. एक तर पुट्टी, नाहीतर खुद्द प्लास्टिक. मॉडेलचा पातळ गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, तो किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरिनला, विरघळवून जोडतो. ते मऊ असतानाच घाईने घासलं तर त्या वेळी पृष्ठभाग सपाट होतो, आणि आतला सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, उडून गेल्यावर तोच भाग खाली बसतो. कणा वर आला असेल तर जोड बहुधा फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने भरलेला आहे. हा गोंद एक-दोन दिवसांत प्लास्टिकपेक्षा टणक होतो. तुम्ही घासता तेव्हा दोन्ही बाजूंचं प्लास्टिक झिजतं आणि गोंद उभाच राहतो. हे दोन्ही प्रकार वरवरचे आहेत, घाबरू नका. चीर असेल तर मात्र जोड हलतोय.

रंगाचीही गंमत बघा. नौदलाच्या सी हॅरिअरचा सुरुवातीचा रंग वरून गडद करडा, खालून पांढरा होता. ही विमानं २०१६ मध्ये गोव्याच्या आयएनएस हंसावरून निवृत्त झाली, पण काल्पनिक नौदल जेटला मुलं अजून हमखास तोच रंग देतात, वर चकचकीत क्लिअर. गडद आणि चकचकीत पृष्ठभाग जोडाचं सगळं गुपित फोडतो. पोटाकडच्या पांढऱ्यात तेवढाच खड्डा असतो, पण डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे 'वरच रेघ आहे, खाली नाही' असं ठरवण्याआधी खालूनही टॉर्च मारा.

दोन बोटांनी दाबा

जोडाच्या एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला तर्जनी. अंडं धरताना लावाल तेवढाच जोर लावून आळीपाळीने दाबा. मग पंखाचं टोक धरून अगदी किंचित वर-खाली करा. विमान कानाजवळ धरा. बारीक 'टक्' ऐकू आला, किंवा चीर उघड-मीट करताना दिसली, तर वर काय भरलंय याला अर्थ नाही. आत आधारच नाही.

याचं कारण साधं आहे. १/७२ च्या, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या, किटमध्ये धडाची भिंत जेमतेम एक मिलिमीटर जाड. मूळ किटमध्ये खुंट्या, भोकं, पंखाच्या जिभा असतात, त्यांवर जोड उभा राहतो. तुम्ही कॉकपिटमागून धड कापून दुसऱ्याचं नाक लावलंत की हे सगळं गेलं. उरली ती एका मिलिमीटरची कड कडेला चिकटलेली. पंख बदलले तर त्याहून वाईट, कारण पंख म्हणजे तरफ. टोकाला लागलेला जरासा धक्का मुळाशी कित्येक पटींनी पोचतो.

जोड हलत असला तरी लगेच करवत काढू नका. पुढची तपासणीही फुकटच आहे, आणि कित्येकदा ती करवत वाचवते.

स्टँडवरून उतरवा

वेंगुर्ल्याच्या एका मुलाने सुंदर जेट बनवलं होतं. जग्वारचं धड, मिग-२१ चे त्रिकोणी पंख, मिग-२९ च्या दोन उभ्या शेपट्या. नौदलाचं जग्वार ही कल्पना तशी फार दूरची नाही. फ्रेंचांनी जग्वारची विमानवाहू नौकेसाठीची आवृत्ती बनवून १९७० मध्ये 'क्लेमांसो' नौकेवर तिच्या चाचण्याही घेतल्या होत्या, आणि आपल्या वायुदलाकडे नाकात रडार असलेली सागरी जग्वार आहेतच. तर या मुलाच्या जेटच्या धडावर, पंखांच्या थोडं मागे, दर पावसाळ्यात चीर.

"काका, पुट्टी बदलून बघू काय?"

"पुट्टी ऱ्हवांदे, आधी फळी सोडव."

त्याने विमान आंब्याच्या पेटीच्या फळीवर दोन पितळी सळ्यांनी पक्कं बसवलं होतं, एक सळी नाकाखाली, एक शेपटीखाली. फळी रंगवलेली फक्त वरून. खालचं लाकूड उघडंच. पावसात उघडी बाजू पाणी पिऊन फुगली, रंगवलेली फुगली नाही, आणि फळीला बाक आला. पॉलिस्टायरिन पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे विमान होतं तसंच राहिलं. दोन्ही सळ्या मात्र फळीबरोबर कलल्या आणि मधला जोड ताणला गेला. सळ्या सोडवल्या तेव्हा चीर आमच्या डोळ्यांदेखत मिटली.

तुम्हीही हेच करा. विमान स्टँडवरून काढून दोन दिवस मोकळं ठेवा. चीर मिटली किंवा बारीक झाली तर दोष स्टँडचा. लाकूड रेषेच्या दिशेने फारसं वाढत नाही, आडवं वाढतं, म्हणून दोन आधार द्यायचेच असतील तर ते लाकडाच्या रेषेवरच, एकामागे एक घ्या. त्याहून बरं म्हणजे एकच सळी, गुरुत्वमध्याखाली. फळी सहाही बाजूंनी रंगवा. आणि विमान चाकांवर उभं असेल तर चाकं फळीला चिकटवू नका, नुसती टेकू द्या.

वास घ्या

चाकाच्या खाचेला किंवा इंजिनाच्या नळीला नाक लावा. थिनरसारखा वास येतोय? मग आत सॉल्व्हंट अजून अडकलेला आहे आणि जोड अजून आकसतोय. बंद धडात आतून भरपूर सिमेंट ओतलं असेल तर महिनाभरानेही वास येतो. अशा वेळी काहीही भरू नका, घासू नका. खाचा उघड्या ठेवून कोरड्या जागी ठेवा आणि वास पूर्ण गेला की पुढे.

इथे एक गैरसमज फार आहे. 'आपल्याकडच्या दमट हवेत पुट्टी वाळतच नाही' असं सगळे म्हणतात. पाण्यावरच्या ॲक्रिलिक पुट्टीबाबत ते खरं आहे. जुलैत ती वरून कोरडी आणि आतून चिखल असते. सॉल्व्हंटच्या पुट्टीला मात्र दमट हवा फारशी अडवत नाही. तिला अडवते ती तिची जाडी. फेविक्विकच्या जातीचे गोंद तर हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, पावसात उलट लवकर. म्हणून ऋतूला दोष देण्याआधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. सुकवण्यासाठी विमान पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा उद्योग करू नका. बारीक शेपट्या आणि अँटेना तिथे वाकतात. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

(फवारताना रंगच पांढुरका, धुरकट झाला असेल तर तो वेगळा आजार. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगात बसतं. त्याचा जोडाशी संबंध नाही. पाऊस कोसळत असताना लॅकर फवारू नका, एवढंच.)

नाकात काय भरलंय

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण समुद्रकाठी हा दोष जास्त दिसतो आणि कोणाला सुचत नाही.

तीन चाकांच्या जेटला नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. किटच्या पत्रकात किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. पण तुम्ही मागे मोठे त्रिकोणी पंख आणि दोन शेपट्या लावल्या की तो आकडा बाद. मागचं वजन वाढलं, म्हणून पुढचंही वाढवावं लागतं. मग माणूस काय करतो? आपल्याकडे मासेमारीच्या दुकानात शिशाच्या गोळ्या सहज मिळतात. त्या नाकात भरायच्या आणि हलू नयेत म्हणून वरून फेव्हिकॉल ओतायचा.

पांढरा गोंद हा पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा. त्यातून हळूहळू ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाची, वाफ सुटते. बंद नाकात ती कोंडते, त्यात दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. शिशावर पांढरी भुकटी धरते. पूर्वी पांढरा रंग बनवण्यासाठी शिसं मुद्दाम असंच आम्लाच्या वाफेत ठेवत. ही भुकटी मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेते. नाक भरलेलं, बाहेर पडायला वाट नाही, मग ती सगळ्यात कच्च्या जागी जोर लावते: खालच्या जोडाला आणि तुम्ही केलेल्या नव्या जोडाला. वरून पुट्टी भरत राहता आणि आतून नाक फुगत राहतं.

तपासायचं असं. विमान कानाजवळ धरून हळू हलवा. मोकळ्या गोळीचा खुळखुळ किंवा भुकटीचा सरसर आवाज येतो का? चाकाच्या खाचेतून टॉर्च मारून आत बघा. पांढरं, पिठूळ काही दिसलं तर बोटाने खरवडू नका, फुंकर तर अजिबात मारू नका. शिशाची भुकटी विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. फट थोडीशीच आणि भुकटी आतच असेल तर खाच टेपने बंद करा, हात साबणाने धुवा आणि नाक कापून टाकायची तयारी ठेवा. कापताना जोडाची जागा ओली ठेवा, धूळ उडू देऊ नका, खाली ओलं वर्तमानपत्र घाला, आणि तो सगळा ऐवज पिशवीत बंद करून घातक कचरा म्हणून वेगळा द्या. परसात, विहिरीजवळ टाकू नका.

नवीन नाकात सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे भरा. तेही गंजून फुगतात, म्हणून प्रत्येक छर्रा ॲरल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीत पूर्ण बुडलेला हवा. इपॉक्सी एकदम ओतू नका. घट्ट होताना ती तापते, आणि जाड गोळा नाकाच्या पातळ भिंतीला वाकवू शकतो. थोडी ओता, थंड होऊ द्या, मग पुढची. आणि नाक बंद करण्याआधी सगळे भाग टेपने जोडून विमान मागच्या दोन चाकांच्या जागी पेन्सिलीवर तोलून बघा. पुढे झुकलं पाहिजे. रंगाचं, बॉम्बचं, टाक्यांचं वजन नंतर येतं, म्हणून झुकाव जरा जास्तच ठेवा.

समोरचा तुकडा कशाचा आहे

हल्ली नाक किंवा इनटेक (इंजिनाचं हवा घेणारं तोंड) थ्रीडी प्रिंट करून घेतात, किंवा रेझिनचं मागवतात. दोन्हीकडे पातळ सिमेंट लावून दाबून धरलं की चिकटल्यासारखं वाटतं. ते फक्त एका बाजूला चिकटलेलं असतं. सिमेंट पॉलिस्टायरिन विरघळवतं. थ्रीडी प्रिंटच्या पीएलए प्लास्टिकला, रेझिनला ते काही करत नाही. दिसणार नाही अशा ठिकाणी सिमेंटचा एक थेंब टाका आणि मिनिटभराने सुईने टोचा. मऊ झालं तर पॉलिस्टायरिन. जसंच्या तसं असेल तर तिथे फेविक्विक किंवा इपॉक्सी हवी, आणि आधी दोन्ही कडा खरबरीत घासायला हव्यात. रेझिनची धूळ नाकात जाऊ देऊ नका. ओलं घासा, मास्क लावा.

रेझिनचं प्रिंट चिकट लागत असेल तर ते पुरतं पिकलेलं, म्हणजे घट्ट झालेलं, नाही. तसल्या भागावर जोड टिकत नाही, आणि रंगही नाही.

तेलकट हात

रंग जोडावरूनच सुटत असेल तर तीन कारणं: साच्यातलं मेण, घासल्यावर न धुतलेली धूळ, आणि खोबरेल. तिसऱ्यावर हसू नका. डोक्याला तेल लावलेला हात कपाळावरून थेट विमानावर जातो. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी खारट असतं, वाळल्यावर डाग ठेवतं. शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने फिरवा. मग तेवढ्याच भागाला प्रायमर द्या आणि आठवडाभर बघा. परत सुटला नाही तर काम झालं.

आता पुट्टी

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि जोड हलतही नाही, तरच पुट्टीकडे या. जुनी पुट्टी खरवडून काढा. तिच्यावर नवी थापू नका, कारण खालची अजून आकसत असेल तर वरचीलाही घेऊन बसते.

गॅरेजमध्ये मिळणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी स्वस्त आहे, ओरखड्यांना उत्तम आहे, आणि खोल फटीला एकदम वाईट. तिचं घट्ट होणं म्हणजे सॉल्व्हंट उडणं, आणि उडून गेलं तेवढी ती लहान होते. शिवाय तिचा थिनर पातळ प्लास्टिकला खातो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा रुंद फट असेल तर ती आधी प्लास्टिकच्या पट्टीने भरा. पट्टी त्याच जातीची, सिमेंटने वितळून एकजीव होणारी. उरलेल्यासाठी एम-सीलसारखी दोन गोळ्यांची इपॉक्सी पुट्टी. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणून आकसत नाही म्हटलं तरी चालेल. ओल्या बोटाने गुळगुळीत करून घ्या, कारण नंतर ती प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना जीव काढते.

माझी स्वतःची पसंती फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर मिसळून भरण्याला. पावडरीमुळे गोंद मऊ राहतो आणि प्लास्टिकच्याच वेगाने घासला जातो. मात्र घासायचं तासा-दोन तासांत, उद्यावर टाकायचं नाही. काही जण खायचा सोडा घालतात; तो लगेच दगडासारखा होतो, आणि मग वर सांगितलेला कणा उभा राहतो.

एक सवलतही आहे, ती फार थोडे जण घेतात. तुमचं जेट काल्पनिक आहे. त्याच्या धडावर पत्र्यांचा जोड कुठे असावा हे तुम्हीच ठरवणार. जोड पक्का असेल आणि नुसती रेघ छळत असेल, तर तिथे टेप लावून सुईने सरळ पॅनेल लाइन कोरा, शेजारी दोन-चार रिव्हेट टोचा. खऱ्या विमानांचं धडही तुकड्या-तुकड्यांनीच जोडतात. जग्वारचं धड इथे सांधत नाहीत असं म्हणणाऱ्याला सांगा, हे जग्वार नाही. पंखाच्या मुळाशी ही युक्ती सगळ्यात शोभते. नाकाच्या गोल रडार टोपीवर करू नका, तिथे आडवी रेघ चिकटवलेलीच वाटते.

करवत

जोड हलतोय, स्टँडही निर्दोष आहे, नाकही स्वच्छ आहे. मग उघडावा लागेल.

सोनारकामाची बारीक करवत घ्या आणि जुन्या रेघेवरूनच कापा. कटरने जोर लावून फाडलंत तर कडा चिंबतात. कापलेल्या दोन्ही तोंडांना आतून एक मिलिमीटर जाड प्लास्टिक शीटचा पडदा बसवा, म्हणजे पोकळ नळीचं तोंड बंद. आता कडेला कड न चिकटता सपाट पडद्याला सपाट पडदा चिकटेल आणि चिकटायची जागा कित्येक पटींनी वाढेल. नाक गोल आणि धड चौकोनी असेल तरीही हीच पद्धत. आधी मध्यरेषा जुळवा, फरक बाहेरून पट्ट्या लावून भरा. पडदे एकमेकांवर ठेवून दोन बारीक भोकं एकदमच पाडा आणि त्यांत सळीच्या खुंट्या घाला, म्हणजे चिकटवताना नाक फिरणार नाही.

पंखांना धडातून आरपार जाणारी दीड-दोन मिलिमीटरची पितळी सळी द्या. तिला इपॉक्सी फक्त धडाच्या आत लावा. पंखाच्या भोकात ती नुसती सरकवा, आणि पंखाचं मूळ धडाला सिमेंटने जोडा. कारण पॉलिस्टायरिन उष्णतेने पितळेच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावतं. दहा सेंटिमीटर लांबीत वीस अंशांचा फरक पडला तर दोघांत दशांश मिलिमीटरचं अंतर पडतं. ऐकायला काहीच नाही, पण रंगाचा थर त्याहून पातळ असतो. सळी दोन्ही टोकांना बांधून ठेवलीत तर मे महिन्यात तिथेच चीर पडेल.

जोडल्यावर आठवडाभर हात लावू नका. मग वास, मग दोन बोटं, मग पुट्टी.

कुठे थांबायचं

प्लास्टिकलाच तड्यांचं जाळं पडलं असेल तर थांबा. पेट्रोल, रॉकेल किंवा कडक थिनर लागून पॉलिस्टायरिन आतून तडकलेलं असतं आणि ते भरून येत नाही. तो भाग टाका, दुसरा मिळवा. कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला (कॅनॉपीला) तडा गेला तरी हेच.

नाक शिशाच्या भुकटीने भरलेलं असेल तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. मुलाच्या तोंडात भुकटी गेल्याची शंका आली तर थेट डॉक्टर.

फेविक्विक डोळ्यात उडाला तर पापण्या ओढून उघडू नका. पाण्याने धूत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

विमान दुसऱ्याचं असेल, जुनं, आता न मिळणाऱ्या किटचं, तर करवतीच्या आधीच थांबा आणि ते ज्याने असे जोड आधी उघडले आहेत त्याच्याकडे द्या. सळीची खुंटी टाकूनही चीर तिथेच परत आली तर त्यानेच बघावं. बहुतेक वेळा अख्खं धड पिळलेलं निघतं आणि ते सरळ करणं टेबलावरचं काम नाही.

शेवटचं, गाडीवर मारतात तो हार्डनरवाला दोन डब्यांचा क्लिअर कोट घरी फवारू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला धरतात आणि कापडी किंवा साधा मास्क त्याला काहीच अडवत नाही. ते काम स्प्रे बूथ आणि बाहेरची हवा देणारा मास्क असलेल्या गॅरेजच्या पेंटरला द्या. देताना दोन गोष्टी बजावून सांगा: पहिले हात धुक्यासारखे पातळ मारायचे, आणि नंतर गाडीच्या पार्टसारखं हे दिव्याखाली किंवा भट्टीत तापवायचं नाही. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं, आणि पेंटरला ते लोखंडच वाटत असतं.